कानात बिल्ला नसलेल्या बारा गायी

३ जून

चि. खडूस,

तुझ्या अहवालाच्या मसुद्यात पान चौदावर एक वाक्य आहे, त्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय. 'नोंदवही निष्काळजीपणे ठेवलेली दिसते, म्हणून ९०१ ते ९१२ या बारा गायींचे नमुने बाद केले आहेत.' मसुदा तू कौतुकाने पाठवलास, शेवटी मावशीचे आभारही मानलेस. आभार राहू देत. एकतीस वर्षं मी पशुलस संस्थेची नमुनाखोली सांभाळली. किल्ली कमरेला असायची म्हणून गोठ्यातली माणसं मला कुलूपबाई म्हणायची. त्या वहीत एकही खाडाखोड नाही. निष्काळजी हा शब्द मला लागला.

तू दाखवलेल्या विसंगती मात्र खऱ्या आहेत. त्या गायी नऊ वर्षांत दोनच वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या. गाईच्या रक्ताची चाचणी त्यांना लागू पडली नाही. पडणार कशी? त्या गायी नाहीत. ती माणसं आहेत.

चौतीस वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यातली वासरं एकामागून एक आजारी पडली. त्यांच्यातला विषाणू गोठ्यात काम करणाऱ्यांच्या अंगात शिरतो का, अशी शंका थोरल्या डॉक्टरांना आली. पण जनावरांच्या संस्थेत माणसाचं रक्त ठेवायची परवानगी नव्हती. अर्ज केला असता, तर उत्तर येईपर्यंत त्या वासरांच्या गायी झाल्या असत्या. छापील वहीत रकाने चार: बिल्ला क्रमांक, वय, वेत, स्थिती. "मग आपण गायी लिहू," असं म्हटलं ते डॉक्टरांनी नव्हे, मी. माणसाच्या वयाला पाचाने भागलं. वेताच्या रकान्यात मुलं किती ते लिहिलं. स्थिती सगळ्यांची 'भाकड'. खरे बिल्ले चारशेपर्यंतच होते, म्हणून गल्लत होऊ नये यासाठी नऊशे एकपासून सुरुवात केली. खोटं लिहिलं, पण व्यवस्थित लिहिलं.

वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, नऊ वर्षं रक्त घेतलं. पुढे थोरले डॉक्टर वारले आणि नव्या साहेबांना मी सांगितलं नाही. संस्था बंद झाली तेव्हा कुप्या तुझ्याकडे आल्या आणि वही रद्दीत निघाली. ती मी घरी आणली. तुझ्याकडे आहे ती तिची नक्कल.

बाद केलेल्या कुप्या फेकू नकोस. फेकल्या असतील तर तसं स्पष्ट कळव.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस आणि हात भलत्याच कामात असतात.

मावशी

१० जून

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. आधी एक विनंती. लहानपणी मी खडू खाल्ले हा गुन्हा मला मान्य आहे, पण पाकिटावर ते नाव घालू नकोस. 'चि. खडूस' एवढंच वाचून आमच्या टपाल घेणाऱ्या बाईंनी पाकीट थेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. कोणाचं आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही.

कुप्या आहेत. फेकायच्या पेटीत आहेत, पण आहेत. पेटी तीस तारखेला भट्टीत जायची होती. मी तिच्यावर लाल कागद चिकटवून आले.

तुझं पत्र मी लागोपाठ तीनदा वाचलं. का ते सांगते. आमच्याकडे हृदय दमलेल्या तीनशे म्हाताऱ्या माणसांचं रक्त आहे आणि हृदय धड असलेल्या तीनशेंचं. पहिल्या तीनशेंत त्या गुरांच्या विषाणूच्या खुणा जास्त सापडतात. सहा वर्षं घासून एवढंच हाती आलंय. विषाणू आधी आला की हृदय आधी दमलं, हे कळायला मार्ग नाही, कारण आमच्याकडे माणूस येतो तोच आजारी पडल्यावर. तुझ्या गायींचं रक्त मी फक्त चाचणी नीट चालते का ते बघायला घेतलं होतं. आणि आता तू म्हणतेस, माझ्या फ्रीझरमध्ये बारा माणसांचं, आजाराच्या कितीतरी आधीचं, दर सहा महिन्यांचं रक्त पडून आहे!

हसू आलं ते नंतर. गाय ९०४, वय आठ, वेत तीन. ही कोण गं?

यादी पाठव. कोणता क्रमांक कोणाचा, एवढंच. वर्षाखेरीला आमचा हा विभाग गुंडाळणार आहेत आणि मी इतकी थकलेय की गुंडाळला तर बरं, असंही कधी कधी वाटतं. तेवढ्यात हे करायचंय.

'निष्काळजी' काढते. त्या जागी काय लिहू, ते तूच सांग.

तुझी,
(तेच ते नाव)

१९ जून

चि. खडूस,

यादी मिळणार नाही. ती कागदावर कधी नव्हतीच, माझ्या डोक्यात आहे.

त्या माणसांना विचारून रक्त घेतलं होतं का, हे तू विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस. सांगते. विचारलं होतं, तोंडी. आणि शब्द दिला होता, की काय निघेल ते तुम्हाला सांगू. तो आम्ही पाळला नाही. म्हणून आता जो स्वतः हो म्हणेल, त्याचंच नाव तुला मिळेल. जे गेले त्यांच्या मुलांना विचारीन. संमतीचे कागद पाठव, मोठ्या अक्षरात छापलेले. आणि निकाल काहीही लागो, तो ज्याचा त्याला समोर बसून सांगायचा. ही माझी अट.

९०४ म्हणजे आमचा धार काढणारा. त्याने परवानगी दिली म्हणून लिहिते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, मुलीकडे राहतो. मला दारात बघून त्याने टीव्ही बंद केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काय कुलूपबाई, निकाल आला का?"

चौतीस वर्षांनी. मी आत जाऊन बसले.

"अजून नाही," म्हटलं.

"बरं. मला कुठे जायचंय?"

मग मी त्याला वहीची हकीकत सांगितली.

"म्हणजे मी गाय?"

"हो."

"आणि ही तीन वेतं कसली?"

"तुमची तीन मुलं."

त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, ऐकलंस का? तुम्हा तिघांना मीच व्यालोय! सरकारी वहीत आहे. तुझी आई उगाच जन्मभर ऐकवत होती!" मुलगी हसत बाहेर आली. कागद आला की सही करीन, असं त्याने कबूल केलं. मी निघताना मात्र मला थांबवलं. म्हणाला, "बाई, त्या वासरांचं दूध आम्ही पीत होतो. उरलेलं, त्याच बादलीतलं. हे डॉक्टरांना ठाऊक होतं का?"

मला ठाऊक होतं. डॉक्टरांना मी सांगितलं होतं का, ते आठवत नाही. हे तुझ्या कागदात लिहून घे.

मावशी

२ जुलै

ती. मावशी,

कागद सोबत आहेत, बारा. अक्षर मोठं केलंय. तुझी अट मला मान्य आहे. खरं तर मलाच ती सुचायला हवी होती. शेकडो कुप्या हाताळल्या की त्यांच्यापलीकडे माणूस असतो हे हळूहळू विसरायला होतं. हे कबूल करायला बरं वाटत नाही.

आमच्या संशोधन-नीती समितीने तासभर मला धारेवर धरलं. शेवटी ठरलं ते असं: नुसत्या क्रमांकावर तपासायला हरकत नाही, नाव जोडायचं तर सही हवी, आणि जो नाही म्हणेल त्याच्या कुप्या न तपासता नष्ट करायच्या.

तू बसने फिरतेस ना? फिरू नकोस. कोणाला तरी पाठव, नाहीतर फोन कर. तुझं अक्षर मला बरं दिसत नाही. ओळी उजवीकडे उतरायला लागल्यात.

आई तेव्हा तुमच्याच संस्थेत ऑफिसात होती ना? तिला हे माणसांच्या गायी केल्याचं माहीत होतं का? असतं तर तिने मला हसून हसून सांगितलं असतं. तिच्या शेवटच्या वर्षात, चार पावलं टाकली की धाप लागायची, तेव्हाही ती कोणाची तरी नक्कल करून मला हसवायची. या कामात मी पडले ती तिच्यामुळेच. तुला कधी म्हटलं नाही.

तुझी

२० जुलै

चि. खडूस,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. ज्या माणसाला तीन दशकं शब्द देऊन झुलवलं, त्याच्याकडे कोणा तिऱ्हाइताला पाठवायचं?

दहा जणांचं काम झालं. चौघे हयात नाहीत, त्यांच्या मुलांनी सह्या दिल्या. एका सुनेने दार उघडल्या उघडल्या "आम्हाला काही घ्यायचं नाही" म्हणून सांगितलं. अर्ध्या तासाने तिनेच सासऱ्यांच्या दवाखान्याची सगळी फाईल शोधून दिली. हयात सहांपैकी पाचांनी सही केली. ज्याच्या त्याच्या कागदावर हृदयाचा आजार आहे की नाही, कधीपासून, तेही लिहून घेतलंय.

९०८ नाही म्हणाला. तो आमचा वैरण कापणारा, आता फाटकावर राखण करतो. म्हणाला, "बाई, मेल्यावर काय निघायचं ते निघू दे. जिवंतपणी मला सांगू नका. तुम्ही सांगितलं की मी मोजत बसेन." मी एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा नाही. त्याच्या कुप्या नष्ट कर आणि तसं मला लेखी कळव.

९०६ म्हणजे बाटल्या धुणारी. चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद. मी जिन्यात तीनदा थांबले, पण तो जिनाच उभा आहे. तिची पावलं सुजली आहेत, चप्पल घालता येत नाही. आडवं झालं की धाप लागते, म्हणून तीन उशा घेऊन झोपते. तिने मला विचारलं, हे बरं की वाईट? मी सांगितलं, त्यात काही नाही, या वयात सगळ्यांनाच लागतात.

९११ आणि ९१२ यांचं नंतर कळवते.

मावशी

३० जुलै

ती. मावशी,

निकाल आला. ९०८ च्या कुप्या न उघडता नष्ट केल्या, त्याचा दाखला सोबत आहे. उरलेल्या अकरांपैकी पाच जणांच्या रक्तात त्या नऊ वर्षांत विषाणूची खूण उमटली: ९०२, ९०५, ९०६, ९०९ आणि ९१२. सहा जण शेवटपर्यंत कोरे.

सह्या आलेल्या नऊ जणांचं बघितलं. खूण उमटलेल्या चौघांपैकी तिघांची हृदयं पुढे दमली. कोऱ्या पाचांपैकी एकाचं. हे लिहून मी जागची उठले, एक फेरी मारली, आणि परत बसून स्वतःला दटावलं. नऊ माणसं, मावशी. नऊ माणसांवरून काहीही सिद्ध होत नाही. विषाणूने हृदय दमवलं असं मी म्हणू शकत नाही. या तिघांत विषाणू आधी आला आणि आजार पुष्कळ वर्षांनी, इतकंच म्हणू शकते. पण इतकंही आजवर आम्हाला म्हणता येत नव्हतं. आता पुढचे लोक आणखी जुन्या वह्या शोधतील. ते करायला मी असेन असं नाही.

राहिले दोघे. ९११ अठराच्या अठरा वेळा कोरी. ९१२ चौथ्या वर्षीच्या मार्चपर्यंत कोरी आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरला खूण ठळक. त्या सहा महिन्यांत काय झालं असेल? ही दोन माणसं कोण? दहा जणांसाठी तू जिने चढलीस आणि या दोघांचं 'नंतर' का?

आणखी एक. ९०६ ला आजच्या आज डॉक्टरकडे पाठव, मी तिथल्या एकांशी बोलून ठेवलंय, पत्ता मागे लिहिलाय. तीन उशा या वयात सगळ्यांना लागत नाहीत.

तुला किती लागतात?

तुझी

३ ऑगस्ट

चि. खडूस,

९०६ ला दाखवून आणलं. गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरते आहे.

आता उरलेलं. तुझं पत्र मी आधी फक्त आकड्यांसाठी वाचलं. '९११ कोरी' हे चार वेळा वाचलं.

९११ म्हणजे तुझी आई. ती ऑफिसात कधीच नव्हती. तुझे वडील सोडून गेले तेव्हा तिला काम हवं होतं आणि माझ्या शब्दावर मिळण्यासारखं काम एकच होतं, वासरं पाजायचं. नव्या वासराला बादलीतून पिता येत नाही. आपली बोटं त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हात हळूहळू दुधात बुडवायचा. दिवसाला वीस वासरं. आजारी वासरांनाही तीच पाजायची. घरी आली की तुला जवळ घेण्याआधी ती न्हाणीघरात जायची, ते तुला आठवत असेल. तिची बोटं कायम सुरकुतलेली असायची. 'ऑफिस' हा तिचा हट्ट. तुझ्या शाळेच्या कागदावर तिला तसं लिहायचं होतं. मी तोंड बंद ठेवलं.

सहा वर्षांपूर्वी तिचं हृदय दमून ती गेली आणि तू हे काम हातात घेतलंस. गुरांचा विषाणू आणि म्हाताऱ्यांचं हृदय. तुझं प्रत्येक पत्र मी एकाच धास्तीने उघडत आले, की यात लिहिलं असेल: माझ्या बहिणीला त्या गोठ्यात नेऊन मीच मारलं. नाव न देण्याचं कारण संमती, हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. दुसऱ्यांचे जिने चढले, कारण ते सोपं होतं.

अठराच्या अठरा वेळा कोरी. सर्वात जास्त वासरं जिच्या हातून प्यायली, ती. तिचं हृदय कशाने दमलं ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. पण गोठ्याने नाही.

९१२ मी. त्या सहा महिन्यांत काय झालं, असं विचारतेस. तुला कांजिण्या झाल्या. बारा वर्षांची होतीस, ताप उतरेना. तुझी आई दीड महिना घरी राहिली आणि वासरं मी पाजली. यातून तू काही अर्थ काढू नकोस. मी काढलेला नाही.

उशा चार.

मावशी

५ ऑगस्ट

मावशी,

शनिवारी सकाळी येतेय. तोपर्यंत एकही जिना चढायचा नाही, बादली उचलायची नाही, आणि माझ्यासाठी म्हणून घर आवरायचं नाही. शेजारच्या काकूंना फोन करून सांगितलंय, त्या लक्ष ठेवतील. त्यांच्यावर डाफरू नकोस.

चार उशा! आणि पत्रात मला दुसऱ्यांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन करून सांगतेस. कुलूपबाई नाव अगदी बरोबर ठेवलं होतं गोठ्याने.

तिची बोटं मला आठवतात. मी समजायचे, टाईप करून करून तशी झाली.

मी रागावलेय का, हे अजून मला कळलेलं नाही. समोर बसून बघू. मशीन घेऊन येतेय. आधी तुझं हृदय बघायचं, मग वही.

खडू

१० ऑगस्ट

देवघेवीची नोंद

आज, माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, पुढील वस्तू मी माझ्या भाचीच्या स्वाधीन केल्या.

मूळ नोंदवही एक, पानं तीनशे दोन, बांधणी सैल, सर्व पानं जागेवर.

क्रमांकांची यादी, काल प्रथमच कागदावर उतरवलेली. तीत ९०८ समोर नाव नाही. तिथे फक्त 'नको म्हणाले' असं लिहिलं आहे.

सही केलेले संमतीचे कागद अकरा. पैकी नऊ मी गोळा केलेले. ९११ च्या कागदावर तिच्या मुलीने इथे बसून सही केली. सही करायला तिला वेळ लागला. ९१२ च्या कागदावर मी.

नमुनाखोलीची किल्ली. ज्या दाराची होती ते दार आता नाही. घेणारीने मागितली म्हणून दिली.

माझ्या डाव्या हाताचं रक्त, कुपी एक. भाचीने काढलं, पहिल्याच टोचण्यात.

मला मिळालं ते: गोळ्यांची चिठ्ठी, हृदय किती दमलं आहे त्याचा कागद (पुष्कळ, पण उशिरा कळलं असं नाही, असं ती म्हणते), आणि दोन उशा उचलून कपाटात ठेवण्याचा हुकूम, गोळ्या लागू पडल्यावर.

काल दुपारी आम्ही दोघी रिक्षाने धार काढणाऱ्याकडे गेलो आणि त्याला त्याचा निकाल सांगितला. कोरा. तो म्हणाला, "बघा, गायच बरी." घेणारी माझ्याबरोबर येऊन इतरांचे निकाल समोर बसून सांगेल. वरच्या मजल्यांवर ती एकटी जाईल. ९०६ पासून सुरुवात, सोमवारी.

पान चौदावरचं वाक्य आम्ही दोघींनी असं ठरवलं: 'नोंदवही काळजीपूर्वक खोटी लिहिलेली आहे, खुलासा सोबत जोडला आहे.'

वहीत ९१२ ची शेवटची ओळ मी आज भरली. वय ७२, न भागता. वेत ०. स्थिती हा रकाना मोकळा सोडला.

घेणारीने वही स्वतःकडे ओढली, वेताच्या रकान्यातलं शून्य खोडलं, तिथे १ लिहिलं आणि बाजूला सही केली. वहीतली ही पहिली खाडाखोड. माझ्या समक्ष झाली. मी हरकत घेतली नाही.

देणारी: मावशी
घेणारी: खडू